हजेरीच्या दिवशीची शिट्टी

ही हकिगत मी पन्नास वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. गावात विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठायचो. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या मूळ गावात आजही लोक सांगतात, की दुष्काळाच्या साली भैरोबाच्या यात्रेत एक गोरा गवई आला होता, चरस ओढून गायला बसला आणि अर्ध्यावर उठून पळाला. ते खोटं आहे. त्या माणसाने आमच्याकडे चहाशिवाय काही घेतलं नाही. चरसाची गोष्ट मीच पसरवली. त्याआधी जे केलं ते त्याहून वाईट होतं, आणि ते मी पूर्ण शुद्धीत, ठरवून केलं.

आम्ही नगरला, कॅम्पाच्या कडेला राहायचो. माझे वडील इंग्रजांच्या पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिथून सुटल्यावर त्यांनी लग्नाचा बँड काढला. सगळे त्यांना दादा म्हणत, आम्ही घरचेही. मला लहानपणापासून क्लॅरिनेट हवं होतं. दादांनी मला झांजा दिल्या, मग ढोल दिला, मग वाद्यं पुसायचं फडकं दिलं. "तुझा दम तोकडा हाय," एवढंच म्हणायचे. मी चिडून लाऊडस्पीकरचा धंदा काढला: एक अँप्लिफायर, एक माइक, दोन भोंगे आणि मोटारीची बॅटरी. दादांना ते सामान डोळ्यांसमोर नको असायचं. ते स्वतः जन्मात कधी माइकपुढे उभे राहिले नाहीत.

पण क्लॅरिनेट माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. बँडमधल्या एका म्हाताऱ्याकडून मी चोरून शिकत राहिलो. चार वर्षं. मग एका दिवाळीत दादांपुढे बसून वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "यंदा हजेरीला बस माझ्या उजव्या हाताला."

हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. यात्रेला आलेले सगळे कलावंत देवळापुढे येतात आणि देवाला आपली कला ऐकवतात. पहिली हजेरी आमच्या घराची. आजोबा सनई वाजवायचे, तेव्हा दादा त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. त्या जागेवर कोण बसलं हे गाव बघतं आणि पुढचं समजून घेतं. त्या दिवाळीपासून मी दिवस मोजत होतो.

त्याच हिवाळ्यात तो गोरा आला.

तेव्हा नगरजवळच्या एका आश्रमात परदेशी लोक यायचे. हा मित्रांबरोबर आला होता. तिकडे विलायतेत तो मोठा गवई होता. विजेची गिटार घेऊन हजारो लोकांपुढे गायचा. कपाटाएवढ्या अँप्लिफायरपुढे वर्षानुवर्षं उभा राहिला आणि त्याच्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती दिवसरात्र थांबेना. आपण सुरात आहोत की नाही हेच कळेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने गाणं सोडलं होतं. मित्र म्हणाले, शांत जागी चल. पण आश्रमातल्या शांततेत ती शिट्टी जास्तच ऐकू येई. म्हणून तो रस्त्याने भटकत राहायचा. असाच आमच्या बँडच्या खोलीवरून जाताना दादांचे खर्जातले सूर त्याच्या कानी आले, आणि ती शिट्टी झाकली गेली. तो आत आला आणि ढोलाच्या पेटीवर बसला. विचारलं नाही, काही नाही.

"कानाच्या दुखन्याला बँडवाल्याकडं आलाय," आमचा ट्रंपेटवाला म्हणाला. "ह्याला आधी डोक्याच्या डाक्टरला दावा."

दादांना पलटणीतलं मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. त्यांनी त्याला बसू दिलं. तो रोज दुपारी यायला लागला. मराठीतला पहिला शब्द तो शिकला तो शिट्टी. दादांनी वाजवणं थांबवलं की तो मान वाकडी करून स्वतःच्या कानात काय चाललंय ते ऐकायचा आणि सांगायचा, "थोडी शिट्टी." कधी कधी "लई शिट्टी." फेब्रुवारीत एक दिवस तो बराच वेळ ऐकत राहिला, मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शिट्टी न्हाई!" दादांनी त्याला मिठी मारली. मला मिठी मारल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर तो साधी लाकडी गिटार घेऊन यायला लागला. दादांच्या सुरांखाली हळू आवाजात गायचा. आवाज बारीक, किंचित फाटलेला, पण चांगला होता. हे मी आज लिहितो. तेव्हा मला त्यातला प्रत्येक सूर टोचायचा. दादा हसायचे. त्याच्या बोटांना हात लावून जागा दाखवायचे. दिवाळीनंतर शिकवताना माझ्या बोटांवर ते फक्त पट्टी मारायचे.

यात्रेच्या आठ दिवस आधी जेवताना दादा म्हणाले, "हजेरीला सायेब बसंल माझ्या शेजारी."

आई भाकरी थापता थापता थांबली. त्या वर्षी भाकरी मिलोची असायची, रेशनच्या लाल ज्वारीची.

"मग मी?" मी विचारलं.

"तू भोंगं लाव. त्याचा आवाज बारीक हाय, मागच्या मानसाला जायचा न्हाई."

"दादा, तुम्ही मला म्हणाला होता."

"म्हनलो हुतो. फुडल्या साली बस. तू कुटं पळून चाललाय? त्यो येकदा देवापुढं गायला की त्याची भीती जाईल. भीती गेली की आपल्या मुलखात जाऊन उभा ऱ्हाईल. मानूस परत गायला लागंल रे."

"आनि आपलं पोरगं?" आई म्हणाली.

"त्याचं कान चांगलं हाईत," दादा म्हणाले. "त्याला काय धाड भरलीय?"

मी ताटावरून उठलो. माझे कान चांगले होते. त्या कानांचा काय उपयोग करायचा ते मी हात धुताना ठरवलं.

भोंग्याचं तोंड माइककडे केलं आणि आवाज वाढवला की शिट्टी येते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण बटण एका ठरावीक जागी ठेवलं तर ती किंचाळत नाही. बारीक, दोऱ्यासारखी येते आणि सुटता सुटत नाही. ती जागा मी कॅम्पामागच्या माळावर दोन दुपारी बसून शोधली. बटणाशेजारी पेन्सिलीने खूण केली. लग्नातल्या कामालाही मी इतकी मेहनत कधी घेतली नव्हती.

यात्रा त्या साली नावालाच होती. पाणी टँकरचं, तमाशाचा फड ठरवलेला रद्द. खडी फोडायच्या कामावरून लोक एक दिवसाचा खाडा करून आले होते. तमाशा नाही म्हटल्यावर गोरा गवई बघायला देवळापुढे गाव लोटला. मी एक भोंगा लोकांकडे लावला. दुसरा लिंबाच्या फांदीला, गोऱ्याच्या डोक्यापासून चार हातांवर, तोंड खाली. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, दादांना ऐकू यावं म्हणून. कोणी विचारलं नाही.

दादांनी क्लॅरिनेटवर सुरुवात केली. माइकशिवाय, नेहमीसारखी. उजव्या हाताला, माझ्या जागेवर, तो मांडी घालून बसला होता. कपाळाला भंडारा लावलेला. आई बायकांमध्ये बसून माझ्याकडे बघत होती. तो गायला लागला. पहिलं कडवं मी नीट जाऊ दिलं. पुढच्या म्हाताऱ्याने डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. दादांचा चेहरा असा झाला होता, की मी तो अजून विसरलेलो नाही. मग मी बटण पेन्सिलीच्या खुणेवर नेलं.

शिट्टी आली. बारीक, सरळ.

गावाला ती ऐकू गेली असणारच. पण आमच्याकडे भोंगा शिट्टी मारतोच. न मारणारा भोंगा लोकांनी तोवर पाहिला नव्हता. कोणी मान वळवली नाही. तो मात्र थांबला. गाणं थांबलं तरी शिट्टी चालूच राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने आयुष्य अँप्लिफायरपुढे काढलं होतं, त्याला संशय आला असणार. त्याने भोंग्याकडे बोट केलं आणि विचारलं, "शिट्टी?"

मी मान हलवली. "न्हाई."

त्याने दोन्ही कानांवर तळवे दाबले. मी बटण केसभर वर नेलं. ती शिट्टी त्याच्या तळव्यांमधून आत गेली असेल, कारण त्याचा चेहरा पडला. मग तो दादांकडे वळला. "दादा, शिट्टी?"

इथे मला एक सांगायला हवं. बँडच्या चाळीस वर्षांनी दादांचे कानही थकले होते. गाणं-बोलणं त्यांना कळे, पण शिट्टीसारखा अगदी टोकाचा बारीक आवाज मुळीच नाही. घड्याळाचा गजर झाला की आईने हलवून उठवावं लागे. मला हे माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून, अगदी मन लावून ऐकलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नो, सायेब. नो शिट्टी."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "शिट्टी न्हाई."

तेवढ्यावर त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली. मी बटण सावकाश शून्यावर आणलं. पण तो तसाच कानावर हात धरून बसला होता. हा आजार माणूस घाबरला की उसळतो, असं पुढे एका डॉक्टरने मला सांगितलं. म्हणजे भोंगा बंद झाला तेव्हा त्याच्या कानातली खरी शिट्टी सुरू झालेली असणार.

"काय रं, गोरं दमलं का?" मागून कोणीतरी ओरडलं.

"उन्हानं पातळ झालं!"

लोक हसले. मीही हसलो. मला बरं वाटलं. तो उठून देवळामागे गेला. दादा एकटे वाजवत राहिले, कारण हजेरी मध्ये सोडत नाहीत. चहाच्या टपरीवर लोकांनी मला विचारलं, काय झालं रे त्याला? मी म्हणालो, "चरस वढतो त्यो. रोजचंच हाय."

तिसऱ्या दिवशी तो नगरहून निघाला. गिटार दादांना देऊन गेला. दादांनी ती भिंतीवर, आजोबांच्या सनईशेजारी टांगली.

पुढच्या साली हजेरीला मी दादांच्या उजव्या हाताला बसलो. चांगलं वाजवलं. माझा दम तोकडा नव्हता. वाजवून झाल्यावर दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला घाई करून मीच बसवला. माझ्यापायी त्याचं कान गेलं." हे वाक्य ते मरेपर्यंत बोलत राहिले. सणाला, जेवताना, आजारपणात. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मला ते ऐकायला आवडायचं. बोला, अजून बोला, असं वाटायचं. नंतर आवडेनासं झालं, तेव्हा तोंड उघडायची वेळ निघून गेली होती. दादा शेवटी खाटेवर होते तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकलोही होतो. त्यांनी विचारलं, "काय म्हनतोस?" मी म्हणालो, "पानी देऊ का?"

बारा वर्षांपूर्वी एक बाई मोटार घेऊन आमच्या दारात आली. त्याची मुलगी. डोळे त्याचेच. माझी कॉलेजात शिकणारी नात आमच्यामध्ये दुभाषी झाली. वडील वारले, ती म्हणाली. आमच्या गावानंतर ते कधीच लोकांपुढे गायले नाहीत. एका लहान गावात गिटारी दुरुस्त करायचे. त्यांच्या जुन्या दोन तबकड्या लोक अजून शोधून ऐकतात. तरुण गवई त्यांना भेटायला जायचे, तेव्हा ते गाण्याबद्दल बोलत नसत, कान जपा एवढंच सांगत. तिला ती जागा बघायची होती, जिथे ते शेवटचं गायले.

मी तिला मोटारीतून गावी, देवळापुढे नेलं. लिंब तोडलेला आहे, पण जागा दाखवली. एवढ्या लांबून त्याला शोधत कोणी आलं याचा, इतक्या वर्षांनी, मला क्षणभर पुन्हा राग आला. मग तिने विचारलं, त्या दिवशी मशिनीवर जो तरुण होता तो कुठे भेटेल?

नात म्हणाली, "आजोबा, ते तर तुम्हीच ना?"

बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. नात एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "त्या म्हणतात, त्यांचे वडील सांगायचे, गाणाऱ्याशी सगळेच खोटं बोलतात. छान झालं, काही नाही झालं, असं म्हणतात. त्या दिवशी एका माणसाने त्यांच्या डोळ्यांत बघून खरं सांगितलं, की बाहेर शिट्टी नाही. म्हणून ते वेळेवर थांबले. त्यांनी मुद्दाम तुमचे आभार मानायला सांगितलंय."

नात माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मी हात जोडले. आभार घेतले. घरी परत आल्यावर भिंतीवरची गिटार काढून तिला दिली, तेव्हा ती रडली, आणि मी तिच्यासाठी चहा सांगायला उठलो.

मोटार वळत होती तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. काचेतून तिने हात हलवला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, तिच्या वडिलांसाठीचं, आणि ते तोंडातच राहिलं: शिट्टी होती, साहेब. ती माझ्या भोंग्याची होती. तुमच्या कानात काही नव्हतं.