झेंडा असेपर्यंत

आमची ताई आधी हाताने बोलायची, मग तोंडाने. पाण्याखाली न्यायच्या हवेच्या सिलिंडरचा वॉशर उलटा बसला की पाठीत धपाटा, बोटीच्या दोराला गाठ चुकीची पडली की कानाखाली. मी चाळिशीला टेकलो होतो, दोन पोरींचा बाप होतो, तरी तिने मला पाहुण्यांदेखत बदडलेलं आहे. पाहुणे म्हणजे दोन-दोन विमानं बदलून लांबच्या देशांतून येणारे लोक. आमचा किनारा बघायला, कासवं बघायला, आणि ताईचा हात धरून पाण्याखाली उतरायला. पाण्याखाली हीच बाई इतकी हळुवार वागायची की एका निवृत्त मास्तरांनी मला मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "तुमची बहीण वर आली की तिला काय होतं हो?"

"वर आम्ही असतो," मी म्हटलं.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मासेमार. जाळ्यात काही येईनासं झालं तेव्हा त्यांनी बाटली धरली. पिण्याची नव्हे. काचेच्या बाटलीत सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची आणि पाण्यात फेकायची. धडाका झाला की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, गोळा करायला टोपली पुरते. खाली प्रवाळाचा चुरा होतो, कासवाची पाठ फुटते. नवरा-बायकोचा डोळा एकाच खडकावर. एकाला तिथले मासे मेलेले हवे, दुसरीला जिवंत.

यावरून त्या घरात भांडी कमी आणि हाडं जास्त वाजली. एकदा दाजींनी तिला दरवाज्यावर आपटलं, कपाळाला पाच टाके पडले. टाके निघायच्या आधीच तिने सिलिंडर भरायच्या कॉम्प्रेसरचा पाना उचलला. मारतानाही बाई "अहो" सोडायची नाही. "अहो, ऐकताय का? माझी माणसं खाली असतात," असं म्हणत तिने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दोघंही दमले तेव्हा कुठे तह झाला. आमच्या बोटीवर लाल झेंडा आहे तोवर कुणी बाटली फेकायची नाही, झेंडा उतरला की पाणी त्यांचं. किनाऱ्यावरच्या सगळ्याच बाटलीवाल्यांनी हे मुकाट मानलं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, आमच्याकडे पाना लागला.

झेंडा माझ्याकडे होता. पाहुणे वर आले की डोकी मोजायची आणि आकडा जुळला की दोरी सोडायची. ताई कायम शेवटच्या पाहुण्याच्या पाठोपाठच शिडीला लागायची, त्यामुळे तिला मोजायची सवय मला कधी लागलीच नाही. घरच्या माणसाला कोण मोजतं?

त्या सकाळी सहा पाहुणे उतरले. मास्तरांची बायको वर आली ती नाकातून रक्त गाळत, किंचाळत. तिला बघून बाकीचेही घाबरले आणि एकावर एक शिडीला लोंबकळू लागले. कुणाचा पट्टा अडकला, कुणी माझ्या पायावर ओकलं. मी एकेकाच्या काखेत हात घालून वर ओढत होतो आणि मोजत होतो. चार. पाच. सहा. आकडा जुळला, हाताने दोरी सोडली.

दाजींची होडी दीडेकशे हातांवर वाट बघत उभी होती. त्यांनी झेंडा खाली येताना पाहिला, वात पेटवली आणि बाटली फेकली.

पाण्याने आमच्या बोटीला खालून लाथ घातली. मास्तर फळीवर आदळले. मी उठलो, पुन्हा डोकी मोजली, आणि तेव्हा मला कळलं की या ओल्या माणसांत ताई नाही. मास्तरांच्या बायकोच्या हातून पाण्याखालचा दिवा निसटला होता, तो आणायला ताई परत खाली गेली होती.

ती मेलेल्या माशांमधून वर आली. तोंडातून रक्त, दोन्ही कानांतून रक्त. माझ्याआधी दाजींनी उडी मारली. त्यांनीच तिच्या मानेखाली हात घालून, "अगं, अगं" करत तिला बोटीला लावलं. मी ताईला वर घेतलं. मग दाजी शिडी चढू लागले आणि मी बोट ओढायची लोखंडी आकडी उचलली.

पहिला घाव खांद्यावर बसला. त्यांनी हात वर केला नाही. "झेंडा उतरला होता रे," एवढंच म्हणाले. ते खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. दुसऱ्या घावाला त्यांचे पुढचे दात पडले. तिसऱ्याला डावा डोळा गेला. मास्तरांनी मला मागून मिठी मारली नसती तर मी चौथाही घातला असता.

लोकांत मी वाघ ठरलो. भाऊ असावा तर असा, म्हणाले. पोलिसांपुढे दाजींनी बाटली कबूल केली, डोळ्याचं विचारलं तर "पडलो" म्हणाले आणि आत गेले. झेंड्याचं त्यांनी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. लाज वाटत होती, पण वाघ व्हायला बरंही वाटत होतं.

ताई वाचली. दोन्ही कान कायमचे गेले, फुप्फुस इतकं फाटलं होतं की पुन्हा पाण्याखाली उतरणं तिच्या नशिबी राहिलं नाही. मी रोज दवाखान्यात डबा घेऊन जायचो, ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. दोन महिन्यांनी एका दुपारी तिने मला समोर बसवलं.

"झेंडा कुणी उतरवला?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ती ओरडूनच बोलायची. शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी आली.

दोरी सुटली असं मी सांगू शकलो असतो. पण ती माझ्या ओठांकडे डोळे लावून बसली होती.

"मी," मी म्हटलं. "तुझ्याशिवायच मोजलं गं."

तिने मान हलवली. "होतं असं," ती म्हणाली. मला रडूच फुटलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, ओठ दिसावेत म्हणून.

"मग त्यांचा डोळा का फोडलास?"