कवड्यांचे सर

“दात बघू!”

तुळजापुरात देवीच्या वाटेवर आमचे विज्ञानाचे सर कुणाही बाईला थांबवून असं म्हणायचे. बाई बिचारी तोंड उघडायची! सरांना हवे असायचे तिच्या माळेतल्या कवड्यांचे दात. कवडी उताणी करून ते फटीतले दात न्याहाळायचे, पाठीवर बोट फिरवायचे आणि निकाल द्यायचे, “पिवळं कडं आहे ना, ही उथळ पाण्यातली. ही ठिपक्यांची, खडकाखालची.”

“व्हय बाबा, पन देवीला चालती नव्हं?”

“चालती काय, पळती!”

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. सरांनीही नाही, बरं का! सगळी विद्या एका जुन्या पुस्तकातली आणि यात्रेकरूंच्या गळ्यातली.

एकदा वहिनींच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, माळेतली कवडी फुटली. बाजारात हव्या तेवढ्या मिळतात, पण सर अडून बसले. “बाजारची नको. मी स्वतः समुद्रातून आणीन.” वहिनींनी त्या जागी गाठ मारली आणि बरीच वर्षं वाट पाहिली.

शेवटी शाळेची सहल रत्नागिरीला निघाली. ओहोटी लागताच सर धोतर खोचून खडकांत शिरले. दगड उलथून कंबर धरली, पण कवडी काही दिसेना. “पुस्तकात तर इथंच म्हटलंय हो,” म्हणत ते मटकन बसले. तोंड एवढंसं झालं होतं.

तेवढ्यात एका दगडाच्या पोटाशी मला काळपट, बुळबुळीत काहीतरी दिसलं. “शी! जळू!” मी ओरडलो. सरांनी हलकेच बोट लावलं. ते कातडं दोन्ही बाजूंनी मागं सरकलं आणि आतून चकचकीत कवडी वर आली.

“अहो, हिनं अंगच पांघरलंय कवडीवर! म्हणून एवढी चकाकते. आणि मी सकाळपासून हिलाच ओलांडतोय!” सर खदखदून हसले.

“घ्या की मग! वहिनींची माळ पुरी झाली.”

“घेऊ कशी? ती आत राहतेय ना.”

त्यांनी दगड होता तसा अलगद ठेवला. मला तर रागच आला. एवढी वर्षं थांबलेल्या बाईला आता काय सांगणार हा माणूस?

घरी पोचलो तेव्हा मी सामान धरून मागं उभा होतो. वहिनींनी दारातच विचारलं, “आणली का हो?”

“सापडली. पण जिवंत होती.”

वहिनींनी गळ्यातली माळ मुठीत धरली, गाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “बरं केलंत. पाय धुऊन घ्या.”

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनी दर मंगळवारी ती माळ घालतात. परवा त्यांची नवी सून म्हणाली, “आत्याबाई, एक कवडी कमी आहे. ओवून देऊ का?”

“कमी कुठं?” वहिनी म्हणाल्या. “आहे की ती समुद्रात. ह्यांनीच ठेवलीय तिथं.”