मी धुतलेला कुरव

एका जिवंत पक्ष्याला मी धुऊन काढलं आहे... पाण्यात न बुडवता, साबणाची वडी न लावता, तळ्याच्या काठावर उभं राहून, नुसत्या तोंडानं! वय वर्षे दहा, दोन वेण्या, नाक वर, आणि अक्कल अजून यायची होती. नातींना हे सांगते तेव्हा त्या हसतात, मीही हसते. पण दोरीवरची पांढरी चादर वाऱ्यानं एका बाजूला कलली की अजूनही पाठीमागून कुणीतरी विचारतं, "पाठ कोनत्या रंगाची हाय वं?" – आणि माझं हसू तोंडातच विरतं.

नागपूरहून बसनं कोराडीला येताना आधी वीज केंद्राची धुराडी दिसत, मग धूर, मग आमची कॉलनी. तिथल्या सकाळींना ओल्या कोळशाचा, रॉकेलच्या स्टोव्हचा आणि निळीचा मिळून एक वास होता. राख उतरायची ती चाळणीतून पीठ पडावं तशी, निःशब्द... तुळशीवर, सायकलच्या सीटवर, वाळत घातलेल्या पापडांवर. आई बाबांचा पांढरा सदरा खळखळून धुवायची, निळीत बुडवून दोरीवर घालायची, आणि दुपारी करडा झालेला तोच सदरा झटकून घडी करताना त्याला पांढराच म्हणायची. आम्ही सगळेच तसं बोलत असू. चुन्याची भिंत करडी दिसे, ती पांढरी. शेजारची मांजर करडी दिसे, तीही पांढरी. दिसलेल्या रंगातून राख वजा करायची आणि मग रंग सांगायचा – ही रीत कुणी शिकवली नव्हती, ती राखेसारखीच अंगावर बसली होती.

बाबा कोळशाच्या यार्डात कामाला. सुट्टीच्या दिवशी मात्र जाड पुठ्ठ्याची वही घेऊन ते तळ्यावर पक्षी बघत बसत. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकात समुद्रपक्ष्यांची चित्रं होती, आणि त्यातल्या कुरवाचं उडणं ते मला हातांनी करून दाखवत. इतक्या दूर, इतक्या आत, तो कधी वाट चुकून येईल अशी त्यांची एक वेडी आशा होती. शेजारचे धोटेकाका फाटकाशी थांबून विचारत, "काय गा भाऊ, आज काय पायलं? बदक का जहाज?" बाबा हसत, वही मात्र छातीशी घट्ट धरत.

त्या हिवाळ्यात त्यांचे डोळे आले. काळा चष्मा, पापण्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या... तरीही रविवारी सकाळी माझा हात धरून ते तळ्यावर निघालेच. धुकं आणि धूर एकमेकांत मिसळले होते, पाणी शिशासारखं जड पडलं होतं – आणि त्यातून तो आला. लांब, टोकदार पंखांचा, वाऱ्यावर रेलून वळणारा, पैलतीराकडे जाऊन पुन्हा फिरणारा. बाबांची बोटं माझ्या मनगटात रुतली. अजूनही कधी कधी ती जागा दुखते.

"कुरव हाय वं! समुद्राचा... मले या चष्म्यातून सारंच काळं दिसून राहिलं. तू सांग. पाठ कोनत्या रंगाची हाय?"

पाठ करडी होती. स्वच्छ दिसली मला. पंखांची टोकं काळी, डोळ्यामागे एक काळसर डाग.

"पांढरी," मी म्हणाले.

"पंखाचे टोकं?"

"पांढरेच."

"डोक्यावर डागबीग?"

"काईच नाही बाबा, सफेत हाय सारं."

काय ती माझी ऐट! पाठीवरची राख ओळखून झटकली होती, पंखांवरची काजळी पुसली होती. एवढ्या धुरातून खरा रंग हेरणारी माझ्याइतकी हुशार मुलगी अख्ख्या कॉलनीत नव्हती. बाबांची पेन्सिल क्षणभर थबकली. मग मी सांगितलं तसंच त्यांनी लिहिलं.

नागपूरच्या रामदासपेठेतले एक वृद्ध डॉक्टर अशा नोंदी जमवत. बाबांनी त्यांना सुवाच्य अक्षरात पत्र पाठवलं, आणि मग रोज पोस्टमनच्या सायकलकडे कान लावून बसले. उत्तर आलं ते फार सौजन्याचं होतं... करड्या पाठीवाचून कुरव आपल्याकडे येत नाही, आपण बहुधा बगळा पाहिला असावा. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. "पोरीचे डोळे चांगले हायेत, माहेच आले होते," एवढंच आईला म्हणाले, आणि वहीतल्या 'कुरव'वर रेघ मारून शेजारी 'बगळा' लिहिलं. पुढची पानं कोरी आहेत. धोटेकाकांनी विचारण्याआधी बाबाच सांगू लागले, "बगळा होता गा, बगळा." रविवारी ते ओसरीवर, तळ्याकडे पाठ करून बसत.

लग्नानंतर पहिल्या वर्षी रत्नागिरीला गेले. ओल्या वाळूवर पाच-सहा कुरव उभे होते – पाठी करड्या. माझी नजर आपोआप वर गेली, धुराडं शोधत. आभाळ लख्ख, वाळू लख्ख, वाऱ्याला नुसता मिठाचा वास. राखेचा कण नाही... आणि तरी करड्या! यजमान भेळ घेऊन आले तेव्हा नवी नवरी पक्ष्यांकडे बघून हुंदके देत होती. माहेरची आठवण आली, असं मी त्यांना सांगितलं. तेवढं तरी खरं होतं.

ती वही आज माझ्या कपाटात आहे, पानांच्या बेचक्यात अजून थोडी राख सापडते. पण रत्नागिरीहून मी कोराडीला परतले त्या दुपारी ती बाबांच्या मांडीवर होती, मीच माळ्यावरून काढून ठेवलेली. मी सगळं सांगितलं – करडी पाठ, काळी टोकं, डोळ्यामागचा डाग, माझी धुलाई. ओरडतील, निदान हसतील, असं वाटलं होतं. त्यांनी ते पान शोधलं, स्वतःच मारलेल्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मंग तो आला होता तं, पोरी... अन् मी इतके वर्स त्याले बगळा म्हणून राहिलो."