येळवशीचा घाम

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येला रानात पूजेला न्यायच्या आंबिलाचा आंबूस वास आला की धाकट्या जावेचा तो घाम आठवतो. तिशीतच तिची गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली होती. कडाक्याच्या थंडीत आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानात निघालेली ती घामानं भिजून बांधावर बसली. म्हणाली, "अक्का, डॉक्टर म्हणले, अंडाशयातल्या पेशी हार्मोन बनवतात. ते एकदम बंद झालं की अंगातून अशा वाफा निघतात. जरा मडकं घेता का?" चार माणसं ऐकत होती, आणि विनोद सुचला की मी कुणाचीच नसते. म्हणलं, "मडकं उचलायच्या वक्ताला बऱ्या बंद पडतात गं तुझ्या पेशी." सगळे हसले. तिनं गुमान मडकं उचललं. यंदा मडकं माझ्या डोक्यावर होतं, माझ्याच अंगातून वाफा निघाल्या आणि मी बांधावर बसले, तर सुनेनं तोच विनोद मला ऐकवला. दरसाल मीच तो रंगवून सांगते ना. जाऊ हसली नाही. पण मडकंही तिनं घेतलं नाही.