सावित्री खोली

लातुरात परीक्षा आल्या की बाहेरगावच्या आईबापांची झोपायची पंचाईत होते. शेषेरावांनी ती बरोबर हेरली. माडीवरच्या तीन खोल्यांत गाद्या टाकल्या, गिझर बसवले आणि ‘होम-स्टे’ सुरू केला. सकाळचा नाश्ता घरचा. नाव शेषेरावांचं, हात सुनेचे.

सून उज्वला, बी.एड. अर्ध्यात सोडून आलेली. सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला परतायची, दुपारी चादरी धुवायच्या. दोन खोल्यांना सासऱ्यांनी ‘व्हीआयपी’ आणि ‘फॅमिली’ म्हटलं. तिसरीचं नाव मी ठेवणार, हा उज्वलाचा लग्नानंतरचा पहिला हट्ट. जुन्या पाटावर तिनं स्वतः रंगानं लिहिलं: ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले’. मग उगीचच चारदा जिना चढून बघून आली.

समोरच्या कस्तुराबाई गच्चीवरून ओरडल्या, “उज्वले, खोलीचं बारसं केलंस, घुगऱ्या कुठंयत?”

गेल्या मे महिन्यात देगलूरकर नावानं बुकिंग आलं. एक मास्तरीणबाई आणि त्यांची लेक. लेकीची डॉक्टरकीची परीक्षा. बाई रात्री पोचल्या. सकाळी नाश्त्याला बसताना उज्वलाला म्हणाल्या, “बुकिंगच्या फोटोत खोलीचं नाव वाचलं अन् लेकीला म्हटलं, इथंच उतरायचं.” उज्वलानं त्यांच्या ताटलीत मूठभर शेंगदाणे जास्तीचे टाकले.

शेषेराव चहा घेऊन समोर बसले. पाहुण्याचं मूळ उकरायची त्यांची खोड गल्लीला पाठ आहे.

“देगलूरचे का? वा! सोयरे कुठले म्हणायचे तुमचे?”

“काका, आडून कशाला विचारता?” बाई हसल्या. “मी बुद्धप्रिया. बौद्ध आहोत आम्ही.”

“छान, छान,” म्हणत शेषेराव उठले ते थेट स्वयंपाकघरात. “त्यांना सांग, गिझर जळालाय. खोली बंद करायलोत.”

“मामा, गिझर चालू हाय की.”

“जळालाय म्हणून सांगायलो ना तुला?”

उज्वलानं नवऱ्याकडं बघितलं. व्यंकटनं मोबाइलमध्ये मान आणखी खाली घातली.

ती जिना चढली. एक खरा शब्द बोलली असती तर खोली तिची राहिली असती. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “ताई, गिझर जळालाय. खोली बंद ठेवावी लागतीय.”

“मे महिन्यात गरम पाणी कुणाला पाहिजे, ताई? उद्या पेपर हाय पोरीचा.”

बाईंनी उज्वलाकडं बघितलं, मग पाटीकडं.

“कुणी लिहिली ही?”

“मी.”

“अक्षर चांगलंय.”

लेक पुस्तकात बोट ठेवूनच जिना उतरली.

दुपारी सासऱ्यांनी गादीसुद्धा धुऊन उन्हात टाकायला लावली. उज्वलानं विचारलं, “मामा, पाटी काढू का?”

“येडी का काय? नाव बघूनच लोकं यायलेत.”

तेव्हापासून ती दारं, खिडक्या, कठडा सगळं पुसते, पाटी तेवढी सोडते. परवा कस्तुराबाईंनी टोचलंच, “अगं, तुझ्या लाडक्या पाटीवर बोटभर धूळ साचली की!”

“साचू द्या, मावशी,” उज्वला म्हणाली. “कुणी वाचून येऊ नये परत.”