डालग्याखालचं दूध

लिहिण्यात चुका असतील, त्यासाठी आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. माझी मुलगी प्रज्ञा मोबाईलवर लोकांचे अमानवीय अनुभव वाचते, कधी कधी मलाही वाचून दाखवते. तिच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले आहे. कुठं पाठवीन की नाही, ते माहीत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. पाहुणे आले तरी मी चुलीपाशीच असते. पण हे सगळं पोटात ठेवून ठेवून आता जीव आंबून गेला... म्हणून लिहिते.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात गंडा नाही, अंगारा नाही, देवरशी नाही. शेजारच्या दुर्गाकाकूंच्या अंगात यायचं, तेव्हा सगळी वस्ती जमायची आणि मी आपली भाकरी थापत राहायची. आणि कोणी घाबरावं म्हणूनही मी हे लिहीत नाही. मला राग आहे. अजून आहे.

आमचं गाव वडनेर भोलजीहून आत, पायी जाता येईल इतक्या अंतरावर. वस्तीच्या शेवटी आमचं घर. पुढं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि त्याच्या बाजूला बकऱ्यांचा गोठा. गोठ्यात चार बकऱ्या. प्रज्ञाचे बाबा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातात, बकऱ्या माझ्याकडं.

हायवेच्या कडेला एका लॅबवाल्यांचं शेड झालं. त्यांचे सर एक दिवस गाडी घेऊन आमच्याकडं आले. म्हणाले, निरोगी बकऱ्या पाहिजेत. बकऱ्या तुमच्याकडंच राहतील, आम्ही येऊन इंजेक्शन देऊ, अधूनमधून थोडं रक्त काढू, सांभाळायचे पैसे महिन्याला देऊ. गोठ्यावर टिनं टाकायला त्यांनी उचलही दिली. वस्तीत हसायला एक नवीन विषय झाला. दुर्गाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय वं शीला, तुह्या बकऱ्यायले नोकरी लागली म्हणते! आमच्या पोराले पाह्य बाप्पा एखादी."

प्रज्ञाचे बाबा म्हणाले, "लावून देतो काकू. पण पह्यले त्याची मान भादरा लागीन, चालते का?"

मान भादरणं म्हणजे खरंच. रक्त काढायच्या जागेवरचे केस ते मशीननं काढत, स्पिरिटचा कापूस फिरवत, आणि मग सुई. सरांसोबत नेहा नावाची एक मुलगी यायची, अकोल्याकडची, बी.एस्सी. झालेली. सर मोबाईलमध्ये असायचे, सगळं काम नेहाच करायची. इंजेक्शनमधलं औषध फिक्या गुलाबी दह्यासारखं दिसायचं. मी एकदा हिंमत करून तिला विचारलं, हे काय आहे?

"मावशी, समुद्रात एक जीव राह्यते," ती म्हणाली. "त्याच्या अंगात लाल चमकणारं प्रोटीन असते. मोठमोठ्या लॅबमधी ते उंदराच्या पेशीत टाकतात, कोणती पेशी कुठं जाऊन राह्यली ते पाहाले. पण कधीकधी ते लाल इतकं मंद होते का दिसतच नाई. मंग त्याले शोधाले अँटीबॉडी लागते. ते तुमच्या बकरीच्या रक्तात तयार होते."

"रक्त कसं काय शोधते वं?"

"आता पाहा. शंभर पिल्लं सोडा. बकरी आपल्याच पिल्लाले अंगाले लागू देते का नाई? दुसऱ्याचं आलं का शिंग मारते. तसंच हाये. शंभर गोष्टी असू द्या, हे फक्त त्या लालालेच जाऊन चिकटते."

मला ते पटलं. इतकं चांगलं मला शाळेतही कोणी समजावलं नव्हतं.

चौघींमध्ये काबरीचं रक्त सगळ्यात चांगलं निघालं. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके, स्वभावानं गरीब. सुई टोचताना माझ्या काखेत तोंड घालून उभी राहायची. सर पहिल्यांदाच मोबाईल सोडून खूश दिसले. म्हणाले, "ही एक नंबर आहे. हिला जपा, ताई."

मी जपलं. दिवाळीनंतर काबरी व्याली. एकच पिल्लू झालं, मादी, तिच्यासारखीच ठिपक्यांची. पिल्लू अजून पाल्याला तोंडही लावत नव्हतं, तेव्हाच सर टेम्पो घेऊन आले.

"दोन दिवस शेडवर नेतो. जरा जास्त रक्त लागणार आहे, तिथं सोय आहे. परत आणून सोडतो."

मी म्हणाले, पिल्लू लहान आहे. पण इतक्या हळू म्हणाले की ते मलाच ऐकू आलं. प्रज्ञाचे बाबा कामावर होते. नेहा खाली पाहत होती. काबरी टेम्पोत ओरडत होती, पिल्लू मागं धावत होतं, आणि मी दारात उभी. माझ्या तोंडाला कुलूप लावणारं कोणी नव्हतं तरी ते उघडलं नाही. तो राग माझा माझ्यावर आहे.

दोन दिवसांचा आठवडा झाला. फोन कोणी उचलेना. शेवटी एकदा सरांनी उचलला. "ते ॲनिमल आजारी होतं. मेलं. तुमच्या गोठ्यात स्वच्छता नाही, ताई, त्यामुळं आमचं नुकसान झालं. उचल परत करावी लागेल."

माझ्या गोठ्यात स्वच्छता नाही! अंगणाआधी मी गोठा झाडते. चुना मारते. माझ्या हाताला कायम लेंड्यांचा वास असतो म्हणून प्रज्ञा नाक मुरडते. आणि तो माणूस फोनवर मला सांगतो की काबरीला मी मारलं.

इकडं पिल्लू मरायला लागलं होतं. बाटलीला तोंड लावेना. गाईचं दूध बोटाला लावून दिलं, दोन थेंब गिळून बाकीचं थुंकलं. रंगी नावाची दुसरी बकरी दुभती होती. तिचे पाय धरून, तिचंच दूध पिल्लाच्या अंगाला चोळून लावून पाहिलं. तिनं वास घेतला आणि अशी धडक दिली की पिल्लू भिंतीवर जाऊन पडलं. त्यानंतर मी त्याला अंगणात डालग्याखाली ठेवायला लागले. डालगं म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, ते पालथं घालून वर दगड ठेवायचा. पिल्लाच्या बरगड्या मोजता येत होत्या. मान टाकली होती. प्रज्ञाचे बाबा म्हणाले, "आता त्याच्यापाशी बसू नको. सकाळलोक नाई राह्यत ते."

सकाळी ते जिवंत होतं. मी कापूस वेचायला गेले, परतल्यावर गाडायचं असं मनाशी ठरवून. दुपारी भाकरी खायला घरी आले आणि डालगं उचललं, तर पिल्लू उठून उभं राहिलं. पोट तट्ट. ओठांना दुधाचा फेस.

मला वाटलं, दुर्गाकाकूंनी पाजलं. विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "अवं माय, मले काय धंदे नाईत का?" बाकीच्या बकऱ्या गुराख्यासोबत रानात होत्या. प्रज्ञा कॉलेजात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डालगं जागेवर, दगड जागेवर, आणि पिल्लाचं पोट भरलेलं.

मग मी कामावर गेले नाही. दाराच्या आत पोत्यावर बसून राहिले. सूर्य डोक्यावर आला, अंगणात माणूस नाही. डालग्यात हालचाल झाली. बांबूच्या फटींतून आतलं सगळं दिसत होतं. पिल्लू पुढचे गुडघे टेकून बसलं. मान वर केली. पिल्लं आचळाला ढुसण्या देतात तशा ढुसण्या दिल्या — रिकाम्या हवेत — आणि प्यायला लागलं. चटचट आवाज येत होता. शेपटी नुसती थरथरत होती. त्याच्या हनुवटीवरून दूध खाली मातीत गळत होतं. डालग्यात दुसरं काही नव्हतं... मी पाहत होते ना, काहीच नव्हतं. आणि वास येत होता. काबरीचा वास, आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा.

मी ओरडले नाही. भीती वाटली का? वाटली असेल. पण आधी डोळ्यांना पाणी आलं, आणि त्याच्या मागून राग आला. आजारानं मेलेल्या बकरीला स्पिरिटचा वास कशाला?

रविवारी प्रज्ञाच्या बाबांनी पाहिलं. डालग्याभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "कोनाले सांगू नको. लोकं हासतीन." पण दुर्गाकाकूंनी कुंपणावरून पाहिलं होतंच. त्या म्हणाल्या, "शीला, भगताले बोलाव. नारळ दे, कोंबडं दे, मोकळी कर तिले."

"काऊन मोकळी करू?" मी म्हणाले. "तिचं लेकरू पिऊन राह्यलं. पिऊ द्या."

काही दिवसांनी सर आले. उचलीसाठी. भर दुपारी गाडी दारात लावली. नेहा सोबत होती, वाळून गेल्यासारखी दिसत होती. प्रज्ञाचे बाबा घरीच होते. सर उभ्या उभ्याच बोलायला लागले — ॲनिमल आजारी होतं, आमचा प्रोजेक्ट बुडाला, तुम्ही हलगर्जीपणा केला. मी पदर तोंडाला लावून दाराआड उभी होते.

आणि डालग्यातून चटचट आवाज सुरू झाला.

सरांनी पाहिलं. हसले. "बरं आहे ना पिल्लू. बाटली लटकवली का आत?"

प्रज्ञाचे बाबा म्हणाले, "उचलून पाहा ना साहेब."

त्यांनी दगड बाजूला केला, डालगं उचललं. पिल्लू हललं नाही. गुडघ्यांवर, मान वर, पीत होतं. डोळे मिटलेले. सर वाकले. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी पिल्लाच्या तोंडाच्या वर हात घातला, जिथं काही नव्हतं तिथं. आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला. हात दुधानं भिजला होता. पांढरं दूध त्यांच्या घड्याळाखालून मनगटावर उतरत होतं. ते हात झटकत राहिले, झटकत राहिले.

नेहा पिल्लापाशी खाली बसली. रडत म्हणाली, "मावशी, तिले बिमारी नव्हती. काईच नव्हती. तिचं रक्त लय चांगलं आलं म्हणून... सगळं काढून घेतलं. शेवटलोक. मी धरून होती तिले."

"नेहा!" सर ओरडले. "ती प्रोसिजर असते. फायनल ब्लीड म्हणतात त्याला. ताई, तुम्हाला ते कळणार नाही..."

तेव्हा मी दाराआडून बाहेर आले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून परक्या माणसासमोर मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"मारली तं मारली म्हणा ना! बिमारी काऊन म्हणता? माह्या गोठ्याचं नाव काऊन घेता? लेकुरवाळी बकरी दोन दिवसासाठी मांगून नेली तुमी. ते पाहा, तिले समजते आपलं लेकरू भुकं हाये. तुमाले नाई समजलं?"

आवाज ऐकून दुर्गाकाकू आल्या, त्यांच्या मागून अर्धी वस्ती. सरांनी रुमालानं हात पुसला. पुन्हा पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. आपण असं करू — बकरीची किंमत उचलीत वळती करू. उचल माफ. वर काही पाहिजे असेल तर तेही देतो."

"नाई," मी म्हणाले.

"येडी हायेस का वं?" प्रज्ञाचे बाबा म्हणाले. "त्यायनंच आपल्याले द्याले पायजे!"

"काबरी मी विकली नव्हती," मी म्हणाले. "किंमत घेतली का विकल्यासारखं होते. तुमची उचल तुमाले भेटीन. आता निंघा."

ते गेले. पुन्हा इंजेक्शन द्यायला आले नाहीत, मी येऊ दिलं नसतं. नेहानं ती नोकरी सोडली, असं सांगायला नंतर तिचाच फोन आला होता.

पिल्लू त्यानंतरही पीत राहिलं. मग सुबाभळीचा पाला खायला लागलं, पाण्याला तोंड लावायला लागलं, आणि दुपारचा तो आवाज हळूहळू कमी होत एक दिवस थांबला. मी पोत्यावर बसून वाट पाहिली, पण पुन्हा आला नाही. पिल्लू आता चांगलं थोराड झालं आहे. प्रज्ञानं कॉलेजात तिच्या सायन्सच्या मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईला भास झाला असेल. भास माझा एकटीचा होता का? सरांच्या मनगटावर दूध होतं ते? अर्ध्या वस्तीनं तो ओला रुमाल पाहिला ते? मला उत्तर माहीत नाही. भुतावर माझा आजही विश्वास नाही, आणि जे पाहिलं ते पाहिलं.

उचल फेडायला वेळ लागला. कापसाची वेचणी केली, हरभरा सोंगायला गेले, रंगीचा बोकड विकला. थोडे थोडे करून प्रज्ञाच्या बाबांच्या हातून पाठवत गेले. घरात त्यावरून भांडणं झाली, दोन दोन दिवस अबोला झाला. शेवटचे पैसे मात्र मी स्वतः घेऊन गेले. हायवेच्या त्या शेडमध्ये, काचेच्या दारातून आत, पायात चप्पल तशीच. सर टेबलामागं होते. मला पाहून त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

"ताई, खरंच राहू द्या हो," ते म्हणाले.

मी पैसे टेबलावर ठेवले. "मोजून घ्या."

"अहो, कशाला..."

"मोजा."

त्यांनी मोजले. मी उभी राहून पाहत होते. मोजून झाल्यावर, वर न बघता ते म्हणाले, "बरोबर आहेत. पूर्ण झाले."