पाणी न सोसणारी काच

प्रमिला गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच पितळी साचा लेथवर चढवला होता. ती बरी होऊन आली की लागेल म्हणून. मंगळवार होता. साचा अर्धाच राहिला.

ती प्रयोगशाळेत फ्लोराइडची काच ओतायची, मी तिथलाच टर्नर. या काचेला पाण्याचा अंशही सोसत नाही, धुरकटते. प्रमिलाच्या शेवटच्या काचेत एर्बियम आहे, म्हणून ती गुलाबी. बत्ताशाएवढी वडी. एक बाजू तिने घासून लख्ख केली. "दुसरी तुम्ही करा," म्हणाली होती. वर्ष झालं. बिघडेल या भीतीने मी घासायला घेतलीच नाही.

आज दुपारी वडी डबीतून काढून मुठीत धरतो. खुर्चीतच डोळे जड होतात.

प्रमिला स्वयंपाकघरात आहे. गॅसवर प्लॅटिनमची मूस. ओट्यावर तिची ती बंद, कोरडी पेटी, काचेला बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून आत काम करायची. नाही, ओटाच पेटीच्या आत आहे, आणि तीही. मी काचेबाहेर.

"अहो, डोकं पुसलंत का? ओल्या केसांनी जवळ येऊ नका."

"पुसलंय."

"पहिल्याच दिवशी माझ्या काचेवर तोंडाची वाफ सोडून रुमालाने पुसली होतीत. चष्मा असल्यासारखी!"

"तू सगळ्यांसमोर ओरडलीस."

"मग? आठवड्याची मेहनत गेली. तेव्हाच ठरवलं, हा माणूस नजरेसमोर ठेवलेला बरा."

मी हसतो. आता आम्ही भट्टीपाशी आहोत. ती मूस कलती करते. रस पाण्यासारखा पातळ.

"साचा द्या."

"लेथवरच राहिलाय."

"असू दे."

"प्रमिला, दुसरी बाजू घासू? बिघडली तर? पुन्हा ओतायला तू नाहीस."

"बिघडली तर बिघडली थोडी. पाणी लावू नका, तेलावर घासा. आणि रडून झाल्यावरच बसा."

पेटीच्या रबरी हातमोज्यात मी हात घालतो. आतून ती बोटं धरते. रबर कोमट लागतं.

जाग येते. दारात दूधवाला हाक मारतोय. मूठ घामाने ओली आहे. उघडतो. प्रमिलाने लख्ख केलेल्या बाजूवर माझ्या तळहाताची एक रेघ धुरकट उमटली आहे. हात रुमालाकडे जातो, तसाच मागे घेतो.

आता दोन्ही बाजू घासायच्या राहिल्या आहेत.